गैरसमजावर उभी राहिलेली प्रेमकथा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. मी नौपाड्यात राहते. बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मराठी ग्रंथ संग्रहालयातून पुस्तके आणून वाचणे हा माझा नित्यक्रम झाला आहे. गेल्या दिवाळीत भाचीने मला एक नवी मराठी प्रेमकादंबरी भेट दिली. कथा ठाण्यातलीच असल्यामुळे मी ती मोठ्या उत्साहाने उघडली.

कादंबरीतील रेवा ऐरोलीच्या एका संगणक कंपनीत काम करते आणि नौपाड्यातल्या जुन्या चारमजली इमारतीत विधवा आईबरोबर राहते. इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. सर्व बिऱ्हाडांनी सह्या केल्या आहेत, फक्त रेवाची आई सही करीत नाही. बिल्डरच्या बाजूने येणारा तरुण आर्किटेक्ट समीर आणि रेवा यांचे सोसायटीच्या सभेत कडाक्याचे भांडण होते व त्यातूनच पुढे प्रेम जमते. आमची इमारतही या सगळ्यातून गेलेली आहे, त्यामुळे इथपर्यंत मी पुस्तक खाली ठेवू शकले नाही. पुढे मात्र रेवा समीरचे फोनवरचे बोलणे अर्धवट ऐकते, आईची सही मिळवण्यासाठीच त्याने आपल्याशी जवळीक केली असा ग्रह करून घेते आणि त्याच्याशी बोलणे टाकते. तोही कसलाच खुलासा न करता बंगळूरला निघून जातो. मग शंभरेक पाने दोघे आपापल्या जागी झुरत राहतात. अखेर कर्जतला मैत्रिणीच्या लग्नात रेवाला कळते की त्या फोनवर समीर खरे तर राजीनामा देत होता. ती तडक विमानतळ गाठते, भर पावसात भेट होते आणि सर्व गोड होते. आईने सही केली आणि ती कळव्याला भाड्याच्या घरात राहायला गेली, ही हकीकत शेवटच्या प्रकरणात एका वाक्यात उरकली आहे.

पुस्तक मिटल्यावर मला कोणीतरी फसवल्यासारखे वाटले. भाचीला तसे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आत्या, प्रेमकथेत एवढं लॉजिक शोधायचं नसतं. शेवट गोड होणार हे ठाऊक असतं म्हणून तर आम्ही वाचतो." माझे वय आड येते आहे का? आणि शेवट आधीच ठरलेल्या कादंबरीला वाङ्मय म्हणून कमी लेखावे का? भाचीला मी काय सांगावे?

एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपले पत्र थोडे संक्षिप्त करून वर दिले आहे. कादंबरीचे आणि लेखिकेचे नाव मुद्दाम वगळले आहे, कारण आपण ज्या दोषावर बोट ठेवले आहे तो या एकाच पुस्तकात नाही. ही कादंबरी मी मिळवून वाचली. वयाचा प्रश्न प्रथम निकालात काढतो. आपली निराशा वयातून आलेली नाही. पहिल्या दीडशे पानांत लेखिकेने जे कबूल केले होते ते आपण नीट लक्षात ठेवले आणि पुढे ते मिळाले नाही म्हणून आपण रागावलात. लक्षपूर्वक वाचणाऱ्या विशीतल्या मुलीलाही हाच राग यायला हवा.

गोड शेवटाविषयी आपली भाची बरोबर बोलते आहे. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका ही प्रेमकादंबरीकारांची संघटना या प्रकाराची व्याख्या करताना दोनच अटी घालते : कथेच्या केंद्रस्थानी प्रेमकहाणी असावी आणि शेवट भावनेला समाधान देणारा व आशादायी असावा. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेल्या मिल्स अँड बून या प्रकाशनसंस्थेने १९३० च्या दशकापासून याच कराराच्या बळावर आपला सारा व्यवसाय उभा केला. आणि हे केवळ पाश्चात्त्य खूळ आहे असे कोणी म्हणत असेल तर संस्कृत नाटकांची परंपराही बहुतांशी सुखान्ताचीच आहे, हे त्याला सांगावे लागेल. रावण मरणार हे ठाऊक असूनही माणसे कीर्तनाला बसतात, तशीच प्रेमकथेची वाचक मंडळी नायक-नायिका एकत्र येणार हे गृहीत धरून पहिले पान उघडतात. तेव्हा शेवट ठरलेला आहे एवढ्यावरून मी कोणत्याही कादंबरीला खालच्या रांगेत बसवणार नाही. मराठी समीक्षेने ना. सी. फडके यांच्या काळापासून रंजक प्रेमकथेकडे जरा नाक मुरडूनच पाहिले, आणि त्यामुळे एक तोटा असा झाला की चांगली प्रेमकथा कोणती आणि वाईट कोणती, याची बारकाईने छाननी करण्याची सवयच आपल्याला लागली नाही.

ही छाननी करायची तर शेवटापेक्षा अडसराकडे पाहावे. दोन माणसांचे एकमेकांवर प्रेम आहे आणि तरीही ती एकत्र येऊ शकत नाहीत, ती कशामुळे? आपण वाचलेल्या कादंबरीत या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. सगळा घोटाळा तिथे आहे.

पहिले उत्तर पूर्वार्धात मिळते आणि ते अस्सल आहे. जिन्याखालच्या सोसायटीच्या कार्यालयात भरलेल्या सभेचा प्रसंग आपल्याला आठवत असेलच. सेक्रेटरी मागील सभेचे इतिवृत्त वाचतो आहे, कोणी कार्पेट एरियावर अडून बसले आहे, कोणी कॉर्पस फंडाचा आकडा वाढवून मागतो आहे, आणि मागच्या खुर्चीवरून रेवाची आई शांतपणे विचारते, "परत राहायला येईपर्यंत मी असेन, याची हमी करारात कुठं लिहिली आहे?" समीरपाशी नकाशे आहेत, वेळापत्रक आहे, दंडाचे कलम आहे, पण या प्रश्नाला उत्तर नाही, आणि उत्तर नाही हे तो लपवीतही नाही. रेवा त्याच्याकडे ओढली जाते ती याच क्षणी, असे मला वाटते. लेखिकेच्या हाती कसब आहे याची खात्री पटवणारा हा प्रसंग आहे. ठाण्यात जुन्या इमारतीत वाढलेल्या कितीतरी घरांत हा प्रश्न म्हाताऱ्या माणसांनी या ना त्या शब्दांत विचारलेला असेल. इथे दोन प्रेमिकांच्या मध्ये उभी आहे ती एका वृद्ध बाईची रास्त भीती. समीरचे काम खोटे नाही, कारण इमारत जुनी झाली आहे. आईचे म्हणणेही खोटे नाही. आणि रेवाला दोघांपैकी कोणालाही दुखावल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मग फोन येतो. रेवाने जे अर्धवट ऐकले त्यामुळे कादंबरीचा विषयच बदलून जातो. आता प्रश्न उरतो तो समीर सच्चा आहे की लबाड एवढाच, आणि त्याचे उत्तर वाचकाला आधीपासून ठाऊक आहे. रेवा आणि समीर यांनी एकदा समोरासमोर बसून बोलायचे ठरवले असते, तरी पुढची शंभर पाने लिहावी लागली नसती. ती दोघे का बोलत नाहीत, याचे कारण त्यांच्या स्वभावात कुठेही सापडत नाही. सभेत सर्वांसमोर आर्किटेक्टला खडे बोल सुनावणारी मुलगी प्रियकराला एक साधा प्रश्न विचारायला का कचरते? ती कचरते कारण कादंबरीची पाने भरायची आहेत. आपल्याला फसवल्यासारखे वाटले ते इथे.

यावर कोणी म्हणेल की गैरसमजावर तर थोर साहित्यही उभे आहे. आहेच, परंतु तिथे त्याचा उपयोग कसा केला आहे ते पाहावे. महाभारताच्या आदिपर्वातील दुष्यंताला शकुंतला चांगली आठवत असते. तो लोकापवादाच्या भयाने तिला नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने त्यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली, म्हणजे राजाचा अपराध विस्मरणावर ढकलला. वरवर पाहता ही आपल्या कादंबरीतल्या फोनसारखीच सोय आहे. परंतु कोळ्याला सापडलेली अंगठी सहाव्या अंकाच्या आरंभीच राजाकडे पोहोचते, त्याला सर्व आठवते, आणि तरीही कालिदास त्या दोघांची भेट घडवून आणीत नाही. संपूर्ण सहावा अंक राजाच्या पश्चात्तापाला दिलेला आहे, आणि मारीचाच्या आश्रमात भेट होते तेव्हा सातव्या अंकात तो शकुंतलेच्या पाया पडतो. गैरसमज दूर झाला म्हणून केलेला अन्याय पुसला जात नाही, हे कालिदास जाणतो. इंग्रजीत जेन ऑस्टिनने १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये तर याहून कठोर शिस्त पाळली आहे. एकूण ६१ प्रकरणांच्या त्या कादंबरीत नायकाचा सारा खुलासा करणारे पत्र ३५ व्या प्रकरणातच नायिकेच्या हाती पडते. गैरसमज मिटतो आणि मग दोघांना स्वतःकडे नव्याने पाहावे लागते. उरलेली प्रकरणे त्यासाठी आहेत. आपल्या कादंबरीत खुलासा आणि मिठी यांच्यामध्ये कर्जत ते विमानतळ एवढाच रस्ता आहे.

आपल्याकडच्या जुन्या काव्यशास्त्राने या अडसरांचा फार बारकाईने विचार केलेला आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त विप्रलंभ शृंगाराची, म्हणजे ताटातुटीतल्या प्रेमाची, पाच कारणे मांडली : अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास आणि शाप. यांतील विरहाचा टीकाकारांनी सांगितलेला अर्थ आपल्या रेवासाठीच लिहून ठेवल्यासारखा आहे. प्रेमिक एकाच गावात असूनही वडीलधाऱ्यांच्या अधीन असल्यामुळे त्यांना भेटता येत नाही, तो विरह. नौपाड्यातली रेवा, रोज तिच्याच इमारतीत मोजमापे घ्यायला येणारा समीर आणि मध्ये आई, यापेक्षा नेमका विरह कोणता? लेखिकेने तो हातचा घालवला आणि नायकाला बंगळूरला पाठवून प्रवासाचे कारण उसने आणले.

आता एक व्यवहाराची गोष्ट, जी आपणही आपल्या इमारतीच्या अनुभवावरून हेरली असेल. संपूर्ण कादंबरी एका सहीवर अडलेली दाखवली आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाबाबत राज्य सरकारने ४ जुलै २०१९ रोजी काढलेल्या निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरेशी ठरते. सगळ्या बिऱ्हाडांनी होकार दिल्यावर एकटीने नकार देणारी सभासद कोर्टकचेरी करून काम लांबवू शकेल, पण ठराव रोखून धरू शकणार नाही. कादंबरीत कायद्याच्या चुका असतातच, त्या मी एरवी मोजत बसलो नसतो. इथे मात्र ही चूक कथेच्या मुळाशी आहे. लेखिकेने नियम पाळला असता तर समीरला आईच्या सहीची गरजच उरली नसती. मग सहीसाठी त्याने प्रेमाचे नाटक केले हा संशय रेवाच्या मनात यायला जागा नव्हती, आणि फोनचा प्रसंग आपोआप गळून पडला असता. त्याच्या जागी जे आले असते ते कितीतरी दाहक आहे. ठराव मंजूर झालेला आहे, आई अल्पमतात आहे, इतकी वर्षे वाटीभर साखर मागायला येणाऱ्या शेजारणी जिन्यात तोंड फिरवू लागल्या आहेत, आणि या सगळ्या कामाचा आराखडा ज्याने काढला त्याच्यावर मुलीचे प्रेम आहे. समीर सच्चा आहे हे पक्के ठाऊक असूनही रेवाने त्याच्याशी लग्न करावे का? ही प्रेमकथा मला वाचायला आवडली असती, आणि तिचा शेवटही गोड करता आला असता. तो गोडवा मिळवण्यासाठी मात्र समीरला किंवा रेवाला काहीतरी सोडावे लागले असते. प्रकाशित कादंबरीत दोघांपैकी कोणीही काहीही सोडत नाही. राजीनामासुद्धा समीर पडद्याआड देतो आणि पुढच्याच प्रकरणात त्याला बंगळूरची अधिक पगाराची नोकरी मिळते.

सोडावे लागते ते फक्त आईला. तिने सही का केली, हे लेखिका सांगत नाही. मुलीच्या विरहाने ती खचली, शेजाऱ्यांच्या दबावापुढे नमली, की समीरने तिच्या प्रश्नाला काही उत्तर शोधून काढले? यांपैकी कोणतीही शक्यता निवडली असती तरी निदान एक प्रकरण लिहावे लागले असते. "आईनेही हसतमुखाने सही केली आणि कळव्याच्या घरात तिचा छान जम बसला," एवढ्यावर तिची बोळवण झालेली आहे. ज्या बाईच्या प्रश्नाने कादंबरीत जीव आला, तिला नायक-नायिकेच्या सुखाच्या वाटेवरून असे बाजूला करणे मला शेवटच्या पावसापेक्षा अधिक खटकले.

भाचीला काय सांगावे, असे आपण विचारता. पुस्तक भिकार आहे असे सांगू नका, कारण ते तसे नाही, आणि भेट देणाऱ्याला ते ऐकून दुःखही होते. प्रेमकथेत लॉजिक शोधू नये हे तिचे वाक्य मात्र सोडून देऊ नका. योगायोग, पाऊस, विमानतळ यांना लॉजिक नसले तरी चालते, तिथे मीही तिच्या बाजूचा आहे. माणसांच्या वागण्याला मात्र ते लागते. सभेतली रेवा आणि फोननंतरची रेवा तिला एकच मुलगी वाटते का, एवढे तिला विचारा. तिला ती एकच वाटत असेल आणि त्याचे कारण तिने सांगितले, तर ते ऐकायला मलाही आवडेल. तिच्या पिढीला न बोलता संबंध तोडण्याचा, फोन ब्लॉक करून मोकळे होण्याचा अनुभव आपल्या पिढीपेक्षा जास्त आहे. रेवाचे मौन तिला स्वाभाविक वाटले असेल तर त्यामागे काही निरीक्षण असू शकते. लेखिकेने ते कागदावर उतरवले नाही, ही तक्रार तरीही शिल्लक राहते.

प्रश्न : सध्या पुष्कळ वाचल्या जाणाऱ्या एका ठाण्यातील प्रेमकादंबरीविषयी लिहीत आहे. (ही तीच कादंबरी आहे. – संपादक) मी नेरूळहून ठाण्याला नोकरीसाठी रोज लोकलने जातो आणि ही कादंबरी मी गाडीतच, अतिशय आनंदाने वाचून संपवली. नायिका ऐरोलीहून ठाण्याला कुर्ल्यामार्गे जाते हे वाचून हसू आले, पण सोडून दिले. दिवसभराच्या कामानंतर दोन घटका विरंगुळा देणाऱ्या पुस्तकाला समीक्षकांनी एवढ्या कसोट्या का लावाव्यात?

एक प्रवासी वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : आपल्याला झालेला आनंद खरा आहे आणि तो मागे घ्या असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पहिली दीडशे पाने मीही आनंदानेच वाचली. पण विरंगुळ्याच्या पुस्तकाला कसोटी लावू नये, हे मला पटत नाही. विरंगुळ्यासाठी आपण नाटकाला जातो तेव्हा गडकरी रंगायतनात तिकीट काढून बसलेला प्रेक्षक दुसरा अंक ढिला पडल्यावर चुळबूळ करतोच, आणि करमणुकीचे नाटक आहे म्हणून नट त्याची क्षमा मागून सुटत नाहीत. कादंबरीकाराला ही सवलत का द्यावी?

कुर्ल्याच्या चुकीवर आपण हसलात, आणि ती चूक पाहून मला लेखिकेची अडचण समजली. ठाणे-वाशी मार्ग २००४ पासून सुरू आहे. ऐरोलीहून ठाण्याला थेट गाडी आहे, मध्ये आता दिघा गाव हे एकच स्थानक लागते, आणि गाडी नऊ-दहा नंबरच्या फलाटावर सोडते हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले माहीत आहे. एवढ्या छोट्या प्रवासात रेवाला समीरविषयी तो लांबलचक विचार करून एका निर्णयाला येता आले नसते. तो विचार मोठा आहे, चार पानांचा आहे, म्हणून तिला वाशी आणि कुर्ला हिंडवून आणले. आईशी स्वयंपाकघरात बसून करायचे बोलणे टाळायचे असले की प्रवास असा लांबवावा लागतो. ते बोलणे लिहिणे अवघड होते हे मला मान्य आहे. या कादंबरीतले सगळ्यात चांगले पान बहुधा तेच झाले असते.

दुसरा भाग निघणार असल्याची सूचना पुस्तकाच्या अखेरीस छापली आहे. आपण तो गाडीत वाचणारच असाल, तर रेवाची आई कळव्याहून नव्या इमारतीत परत राहायला आली की नाही, एवढे मला जरूर कळवावे.